खातेवहीचा कारकून

बँकांचा इतिहास लिहिताना संस्थापकांची चरित्रे, भागभांडवल आणि दिवाळखोऱ्या यांचा ऊहापोह विस्ताराने होतो. परंतु ज्याच्या लेखणीवर त्या संस्थेचा नित्याचा व्यवहार विसंबून असे, त्या कनिष्ठ कारकुनाची दखल क्वचितच घेतली जाते, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते.

१८४० साली मुंबईत बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली, तेव्हा हिशेबनिशी आपल्याकडे परकी नव्हती. पेशव्यांच्या दफ्तरात फडणिसाच्या नजरेखाली मोडीत रोजकीर्द लिहिणारे, तिच्यावरून खतावणी करणारे आणि रुजुवात घेतल्यावाचून कागद पुढे न सरकवणारे कारकून पिढ्यान्‌पिढ्या घडले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला आणलेली तेजी ओसरल्यावर ती बँक १८६८ मध्ये बुडाली, ती या लेखणीच्या चुकीने नव्हे, तर मुख्यतः शेअरांच्या तारणावर दिलेल्या बेसुमार कर्जांमुळे.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन शाखा दूरदूरच्या गावांत पोचल्या, तरी खातेवही हातानेच लिहिली जात होती. चेक आला की पितळी टोकन द्यावे, जाडजूड लेजरमधले पान काढावे, शिल्लक पाहून रक्कम नावे टाकावी आणि दुसऱ्याने ती तपासून आद्याक्षरी करावी, असा क्रम असे. जून आणि डिसेंबर अखेरीस व्याजाच्या आकारणीचे ओझे त्यात भरीला पडे. संध्याकाळी व्हाउचरांची बेरीज वहीशी जुळली नाही, तर फरक सापडेपर्यंत घरी जाण्याचा विचारही कोणी करीत नसे. त्या फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर पंचेचाळीसच्या जागी चौपन्न लिहिले जावे तशी अंकांची अदलाबदल झाली असावी, असे ताडून जुने कारकून नेमक्या नोंदींकडे वळत. ही विद्या पुस्तकापेक्षा शेजारच्या टेबलावरूनच अधिक शिकली जाई.

१९८३ साली बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला, पुढल्या वर्षी त्याच विषयावरील रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. नोकऱ्या जातील ही संघटनांची धास्ती निराधार नव्हती. तथापि यंत्रात प्रत्येक खात्याची शिल्लक भरणारे आणि ती वहीशी ताडून पाहणारे हात मात्र कारकुनांचेच होते.

पुढे कोअर बँकिंग आल्यावर चूक एका शाखेच्या वहीत संध्याकाळपर्यंत थांबून राहीनाशी झाली. एका ठिकाणची नोंद तत्क्षणी सर्वत्र लागू होते, म्हणूनच महत्त्वाच्या व्यवहारांत एकाने भरलेली रक्कम दुसऱ्याच्या मंजुरीवाचून खात्यात चढत नाही. फडणिशीतली रुजुवात अशी अधिकच कडक होऊन टिकली. परंतु ग्राहकाचे नाव, पत्ता, जन्मतारीख संगणकात भरण्याचे तितकेच जोखमीचे काम आज अनेक ठिकाणी कंत्राटदारामार्फत दिले जाते, आणि जुन्या कारकुनाला लाभणारी कायम नोकरी व बढतीची वाट ते करणाऱ्या तरुणांच्या वाट्याला येत नाही.