पंचाची जागा



क्रिकेटचा सामना पाहतांना आपली दृष्टि फलंदाजावर खिळलेली असते. पंचाकडे आपण पाहतों तें त्याचें बोट वर जातें तेव्हां. मधल्या वेळांत त्याचे पाय काय करीत होते याची चौकशी कोणी करीत नाहीं. त्या पायांनाहि एक इतिहास आहे, आणि त्यांत कांहीं मृत्यूहि आहेत.

इ. स. १७४४ च्या नियमांत पंचांना निवाड्याचा पूर्ण अधिकार दिलेला आढळतो. त्या काळीं चेंडू हात खालीं ठेवून टाकीत असत. पंच यष्टीमागें खांबासारखा उभा राहिला तरी फारसें भय नसावें. पुढें १८३५ सालीं खांद्याइतका हात उचलण्याची आणि १८६४ सालीं डोक्यावरून चेंडू टाकण्याची मुभा मिळाली. चेंडूचा वेग वाढला, फटक्याचा जोर वाढला. पंच मात्र होता तेथेंच, सरळ फटक्याच्या ऐन वाटेंत. पायचीतचा निवाडा करावयाचा तर ती जागा सोडतां येत नाहीं. शिवाय १९६० नंतरच्या दशकांत नो-बॉलचा नियम मागच्या पायावरून पुढच्या पायावर आला. तेव्हांपासून पंचानें आधीं खालीं क्रीजकडे पाहावयाचें आणि लगेच मान वर करून चेंडू शोधावयाचा. २२ यार्डांवरून उलट येणाऱ्या चेंडूला तेवढा क्षण पुरतो.

फटका बसला कीं धांवचीतचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठीं पंचानें यष्टी सोडून बाजूस धांवावें, क्रीजच्या रेषेंत यावें आणि चेंडू परत येण्यापूर्वीं स्थिर व्हावें. हालत्या डोळ्याला इंचाचा फरक दिसत नाहीं. कोणत्या बाजूस जावें? सामान्यतः चेंडू गेला त्याच बाजूस, कारण उलट बाजूस वळतांना चेंडूकडे पाठ होते. परंतु क्षेत्ररक्षकाच्या अथवा फेंकीच्या आड येतां कामा नये. हीं दोन्ही पथ्यें एकदम पाळणें किती अवघड, हें तेथें उभें राहिल्यावांचून कळत नाहीं.

शाळेंत असतांना वर्गावर्गांच्या सामन्यांत पंचाचें काम बहुधा माझ्याच गळ्यांत येई. एकदां फलंदाज क्रीजमध्यें पोंचतो कीं नाहीं हें पाहण्याच्या भरांत मीं चेंडूवरची नजर काढली. कव्हरवरून आलेली फेंक कानामागें बसली आणि मी कोसळलों. शुद्धीवर येतों तों सारा संघ वांकून विचारीत होता, "सर, आउट कीं नाहीं?" मीं पाहिलेंच नव्हतें, संशयाचा फायदा फलंदाजाला मिळाला. त्या कानानें मला आजहि कमी ऐकूं येतें. फेंकणारा मुलगा पुढें आठवडाभर माझ्या तासाला मान वर करीना. चूक त्याची नव्हती, माझ्या नजरेची होती.

मोठमोठ्यांनाहि हें चुकलेलें नाहीं. ८ डिसेंबर २०१६ रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत-इंग्लंड कसोटीच्या पहिल्याच दिवशीं स्क्वेअर लेगला उभे असलेले पंच पॉल रायफल यांच्या डोक्यावर मागून भुवनेश्वरकुमारची फेंक आदळली. ऑस्ट्रेलियाचे हे जुने वेगवान गोलंदाज. चेंडू काय चीज आहे हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. त्यांना मैदान सोडावें लागलें व मराय इरॅस्मस त्यांच्या जागीं आले.

लहान सामन्यांतले प्रसंग याहून दारुण. २००९ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें क्षेत्ररक्षकाची फेंक डोक्यास लागून एक वृद्ध पंच मरण पावले. २०१४ सालीं इस्राएलमधील अश्दोद येथें त्या देशाचे माजी कर्णधार हिलेल ऑस्कर पंचाचें काम करीत असतां फटकावलेला चेंडू यष्टीवर आपटून त्यांच्याकडे उसळला; ते वांचले नाहींत.

२०१५ च्या अखेरीस दिंडिगल येथील रणजी सामन्यांत पंजाबच्या बरिंदर सराणचा सरळ फटका ऑस्ट्रेलियन पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्यास लागला. जानेवारी २०१६ मध्यें कॅनबेराच्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यांत ते शिरस्त्राण घालून उभे राहिले. त्याच वर्षीं आय.पी.एल.मध्यें ब्रूस ऑक्सनफर्ड यांनीं हातावर पारदर्शक ढाल बांधली. कांहीं लोक हंसले. ज्यांना कधीं चेंडू लागला नाहीं तेच बहुधा हंसले असावेत.

२०२० च्या महिला टी-२० विश्वचषकांत पुढच्या पायाचा नो-बॉल तिसरा पंच कॅमेऱ्याच्या साह्यानें पाहूं लागला, आणि मैदानावरील पंचाला त्याचा हरवलेला क्षण परत मिळाला. शाळेच्या मैदानावर कॅमेरा नसतो. तेथें मास्तरांनीं अजून आधीं पाय पाहावयाचा आणि मग चेंडू शोधावयाचा.