कलाभवन, रंगरेज आणि गिरणीतील जागा

हुन्नर शिकवला की काम मिळतेच, हे समीकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही खरे नव्हते. बडोद्याचे कलाभवन हे त्याचे बोलके उदाहरण होय.

सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये ही संस्था सुरू झाली. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कारागिराच्या मुलाला इंग्रजीच्या अडसराविना शास्त्र कळावे म्हणून मातृभाषेतून शिकवण्याचा त्यांचा आग्रह होता. (ही मातृभाषा गुजराती, दरबाराची मराठी नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.)

रंगकामाला येथे मोठे स्थान होते, आणि त्याला कारणही तसेच होते. कृत्रिम ॲलिझरीनचे पेटंट १८६९ मध्ये घेतले गेले. त्यानंतर मंजिष्ठा व आल यांच्या मुळांपासून लाल रंग काढणाऱ्या घराण्यांची विद्या मागे पडत गेली. रंगरेज बहुधा मुसलमान. पाणी, तुरटी आणि ऊन यांचा अंदाज हीच त्यांची पिढीजात मिळकत. ती जर्मन डब्यावरच्या छापील सूचनेपुढे टिकणे कठीण होते. नवे रसायन शिकणे हा उपाय खरा, पण तो शिकून जायचे कोठे?

संस्थानात त्या वेळी मोठे कारखाने मोजकेच होते. बऱ्या पगाराच्या जागा मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत, आणि मुंबईत १८९५ मध्ये व्यवस्थापक, इंजिनिअर, कताई व विणकाम मास्तर अशा पदांपैकी सुमारे ४२ टक्के युरोपियनांकडे होती. १९२५ मध्येही हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. खालच्या पातळीवर भरती जॉबरच्या हाती. यंत्रावर हात बसे तो शेजाऱ्याचे पाहून. तेथे प्रमाणपत्राला किंमत नव्हती. म्हणजे वरची दारे अर्धवट बंद आणि खालच्या दाराला शिक्षणाची गरजच नाही, अशा कोंडीत प्रशिक्षित तरुण सापडला. हा दोष अभ्यासक्रमाचा म्हणता येणार नाही.

गज्जरांनी १८९६ मध्ये बडोदे सोडले व पुढे मुंबईत प्रयोगशाळा काढली. १९०७ मध्ये कोटिभास्कर व अमीन या शिष्यांसह अलेम्बिकची उभारणी झाली; जागा मिळत नाही तर ती निर्माण करावी, असा हा मार्ग. मात्र त्यासाठी भांडवल लागे, आणि ते रंगरेजाच्या मुलाकडे नसे.

१९४९ मध्ये कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. तेथील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे.