होळची सून आणि दोन देशांचे कायदे

नीरा नदी बारामतीच्या मुलखातून वाहत जाऊन इंदापूर तालुक्यात नरसिंगपुराजवळ भीमेस मिळते. तिच्या काठचे होळ हे गाव होळकर घराण्याचे मूळ स्थान होय. सुभेदार मल्हाररावांचे आडनाव या गावावरूनच पडले. त्याच घराण्यात १९२८ साली एक परदेशी सून आली. परकी वधू कोणाची, जातीची की सरकारची, हा प्रश्न तिच्या विवाहाइतका स्पष्ट क्वचितच दिसला असेल.

तुकोजीराव तिसरे यांनी १९२६ साली इंदूरची गादी सोडली आणि १७ मार्च १९२८ रोजी बडवाह येथे नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. तत्पूर्वी नाशिकास शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिची शुद्धी झाली, शर्मिष्ठादेवी हे नाव मिळाले आणि धनगर ज्ञातीत तिला सामावून घेण्यात आले. वादही पुष्कळ झाला. तरीही, जात जन्मानेच मिळते असे मानणाऱ्या समाजाने परक्या मुलीस ती थोडक्या दिवसांत दिली, हे खरे.

तिच्या मायदेशाचा कायदा मात्र निराळा होता. १९०७ च्या कायद्याप्रमाणे परदेशीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री पतीच्या राष्ट्रात जमा होई. भीमेस मिळाल्यावर नीरेचे नाव उरत नाही, तसेच हे. १९२२ च्या केबल कायद्याने हा जाच सैल केला. परंतु ज्या पुरुषास अमेरिकन नागरिक होण्याचा अधिकारच नाही, त्याच्या पत्नीस सवलत दिली नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांस त्याच वर्गात बसविले. म्हणजे अंतरपाट दूर होताच वधूचे नागरिकत्व कायद्याने संपले. इकडे ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश प्रजा ठरे. पण संस्थानी माणूस ब्रिटिश प्रजाजन नव्हे, केवळ ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचा. जातीने तिला आपली म्हटले. सरकारांपैकी कोणी म्हणावयाचे?

अमेरिकेने ती अट १९३१ साली काढली आणि १९४६ साली भारतीयांस नागरिकत्वाचे दार उघडले. पुढे २००० साली तेथे आणखी एक सोय झाली: नागरिकाची परदेशी पत्नी किंवा पती आणि त्यांची एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले यांनी, कायमच्या वास्तव्याचा अर्ज पडून असता, तात्पुरत्या व्हिसावर एकत्र येऊन राहावे. आपल्याकडे नागरिकाच्या परदेशी जोडीदारास नोंदणीने नागरिकत्व मिळण्यापूर्वी सात वर्षांचे वास्तव्य लागते. मात्र विवाह नोंदलेला आणि दोन वर्षे टिकलेला असल्यास, २०१५ पासून, त्यास परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मागता येते.

मग जात उदार आणि कायदा निष्ठुर, असे म्हणावे काय? तसे नाही. जातीचे दार एका राजासाठी उघडले. नीरेकाठच्या एखाद्या मेंढपाळाने परदेशी वधू आणली असती, तर तिच्यासाठी शंकराचार्य कोठून आले असते? कायदा सावकाश चालतो. पण एकदा झाला की मेंढपाळाच्या मुलासही त्याच्या आधारे हक्काने मागणी करता येते. म्हणूनच त्याच्या दिरंगाईकडे काणाडोळा करून चालणार नाही. अर्ज कपाटात वाट पाहू शकतो. मुलाचे बालपण वाट पाहत नाही. तात्पुरत्या व्हिसात राज्यसंस्थेने एवढीच गोष्ट मान्य केली आहे, आणि ती लहान नव्हे.