केर्गेलेन बेटांवरील प्राचीन हिमानी क्रिया
दक्षिण हिंदी महासागरात सु. ४९° द. अक्षांशावरील या फ्रेंच बेटांवर कुक हिमटोपी अजून टिकून आहे. पूर्वीचा बर्फविस्तार हिमोढांवरून (हिमनदीने साठवलेल्या दगडमातीच्या ढिगांवरून) कळतो. येथे झाडे नाहीत, त्यामुळे हिमोढांच्या कालमापनासाठी गाडलेले ओंडके मिळत नाहीत. पीटचे कार्बन–१४ वय बर्फ हटल्याच्या काळाची केवळ किमान मर्यादा सांगते. खडक सह्याद्रीप्रमाणेच मुख्यतः बेसाल्ट. त्यात बेरिलियम–१० कालमापन पद्धतीला लागणारे क्वॉर्ट्झ सहसा नसते. म्हणून हिमोढावरील मोठ्या धोंड्याच्या माथ्याचा काही सेंमी. जाडीचा थर छिन्नीने काढून त्यातील क्लोरीन–३६ मोजतात. बर्फ हटून धोंडा उघडा पडला की विश्वकिरणांमुळे त्यात क्लोरीन–३६ साचू लागतो. धोंडा नंतर कलंडला असल्यास वय फसवे येते. योग्य धोंडा निवडणे हेच खरे कसब. या मापनांनुसार सु. १४,५००–१२,९०० वर्षांपूर्वीच्या अंटार्क्टिक शीतकालात येथील हिमनद्या पुढे सरकल्या होत्या. उत्तर अटलांटिक प्रदेश तेव्हा तुलनेने उबदार होता.