तळटीप : शीतगृहाच्या भिंतींतील फोम

वरुड-मोर्शीची संत्री साठविणाऱ्या शीतगृहांच्या भिंतींत पत्र्यांच्या दोन थरांमध्ये जो ताठर पॉलियुरेथेन फोम भरतात, त्याचे उष्णतारोधन मुख्यत्वे त्याच्या बंद कोशिकांत कोंडलेल्या वायूवर अवलंबून असते. ओझोनच्या आवरणास घातक म्हणून हिंदुस्थानात १ जानेवारी २०२० पासून मना झालेल्या, फोम फुगविणाऱ्या एचसीएफसी-१४१बीच्या जागी सायक्लोपेंटेन चालते. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने कारखान्यात कडेकोट बंदोबस्त लागतो. पाण्याच्या प्रक्रियेतून उत्पन्न होणारा कार्बन डायऑक्साइड स्वस्त व निर्धोक खरा. परंतु तो उष्णता अधिक वाहतो, शिवाय बाहेरची हवा आत शिरण्यापूर्वीच निसटून जात असल्यामुळे कमी घनतेचा फोम आकसण्याचे भय राहते. अकोल्याच्या वैशाखात, जेव्हा पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा अशा फोमची भिंत अधिक जाडच हवी.