तीन अटी आणि एक वर्ष

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळांमधून विज्ञानावर बोलण्यासाठी जाण्याचे योग आम्हाला अधूनमधून येतात. भाषण संपले की मुलगे तिथेच हात वर करून प्रश्न विचारतात. कृष्णविवर म्हणजे काय, रॉकेट कसे वळते, असे ते प्रश्न असतात. मुलींचे प्रश्न बहुधा नंतर, व्हरांड्यात, चपला घालताना येतात. दोन-तीन मैत्रिणी एकमेकींना कोपराने ढोसतात, आणि मग त्यांतली एक हळूच विचारते, ‘‘मला पुढे विज्ञानातच शिकायचंय. पण घरचे मुंबई-पुण्याला पाठवत नाहीत. काय करू?’’

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही. कोणत्याही पाठ्यपुस्तकातही ते नाही. पण हाच प्रश्न सुमारे नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी मुलीपुढे वेगळ्या रूपात उभा राहिला होता. तिला घरच्यांनी नव्हे, तर देशातल्या सर्वांत मोठ्या विज्ञानसंस्थेनेच अडवले होते. पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या मुलीची सुरुवातीची वर्षे कशी गेली, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. ते सांगताना केवळ कौतुक करून थांबू नये, असे मात्र आम्हाला वाटते.

घर आणि शहर

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरची टाटांची विज्ञानसंस्था, म्हणजे आजची भारतीय विज्ञान संस्था, सुरू झाल्यानंतर तिथे शिकलेल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत या दोघा भावांची गणना होते. थोरली बहीण दुर्गा, म्हणजेच पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेल्या दुर्गा भागवत. अशा घरात मुलीने रसायनशास्त्र घेतले यात कोणाला नवल वाटले नसावे. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवून बाहेर पडल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र.

इथे क्षणभर खान्देशाकडे वळून पाहू. त्या वर्षी पूर्व खान्देशात म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, किंवा पश्चिम खान्देशात म्हणजे धुळ्याकडे, एखाद्या मुलीला बी.एस्सी. व्हावेसे वाटले असते, तर तिने जायचे कोठे? जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय सुरू व्हायला १९४५ साल उजाडावे लागले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तर १९९० सालचे. जळगावहून मुंबईची गाडी सरळ होती. धुळ्याहून निघणाऱ्याला चाळीसगावला गाडी बदलावी लागे. म्हणजे रेल्वेचे रूळ होते, पण त्या रुळांवरून एकट्या मुलीने शिकायला जावे असा रिवाज नव्हता. बहिणाबाई चौधरी त्याच काळात जळगावात शेताची आणि घराची कामे करता करता ओव्या रचत होत्या. त्यांना अक्षरओळखही नव्हती. एकाच दशकातील, एकच भाषा बोलणाऱ्या स्त्रियांमध्ये किती अंतर होते, हे यावरून ध्यानात येईल. हे अंतर बुद्धीचे खचितच नव्हते.

बंगळूरचा नकार

वडील आणि काका जिथे शिकले, तिथेच संशोधन करायचे, असे कमलाबाईंनी ठरवले आणि बंगळूरला अर्ज पाठवला. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी, १९३३ मध्ये, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. तीन वर्षांपूर्वीच त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

रामन यांनी प्रवेश नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्जदार मुलगी होती म्हणून. वडिलांनी आणि काकांनी विनंती करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नकाराचे कारण त्यांनी विचारले आणि त्या मागे हटल्या नाहीत. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण तीन अटी घालून. पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नाही, काम पाहून मग ठरवू, ही पहिली अट. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल, ही दुसरी. आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवायचे नाही, ही तिसरी.

शिक्षकांनी या तीन अटी वर्गात फळ्यावर लिहाव्यात आणि मुलांनाच विचारावे, की यांतली कोणती अट मुलग्याला घातली असती? रात्री उशिरापर्यंत काम करणे ही तर संशोधनात सर्वांचीच रीत आहे. म्हणजे दुसरी अट फारशी वेगळी नाही. पहिली अट मात्र सांगते, की इतरांच्या बाबतीत पदवी पुरेशी आहे, तुझ्या बाबतीत नाही. आणि तिसरी सांगते, की दुसऱ्यांचे लक्ष विचलित झाले तर दोष तुझा. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, परंतु तो अपमान त्या विसरल्या नाहीत. वय पंच्याऐंशीच्या पुढे गेल्यावरही एका जाहीर समारंभात त्यांनी ही सल बोलून दाखवली. रामन थोर शास्त्रज्ञ होते आणि स्त्रियांच्या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, ही दोन्ही विधाने खरी आहेत. विज्ञानाचा इतिहास शिकवताना दोन्ही सांगावी लागतात.

डाळी आणि दूध

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या होते. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. विषय साधा वाटेल, पण ज्या देशात डाळी हा बहुसंख्य लोकांच्या प्रथिनांचा एक महत्त्वाचा स्रोत आहे, तिथे या कामाचे महत्त्व सांगायला नको.

खान्देशातल्या विद्यार्थ्यांना हे समजावणे फारच सोपे आहे. आपल्याकडे कळण्याची भाकरी करतात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून तिचे पीठ होते. प्रथिने ही अमिनो आम्लांची साखळी असते. त्यांपैकी काही अमिनो आम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारीसारख्या तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर उडदासारख्या कडधान्यांत ते भरपूर असते. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते तृणधान्यांतून मिळते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आजी-पणजींनी हे अनुभवाने जाणले होते. प्रयोगशाळेत ते मोजून दाखवण्याचे काम ज्यांनी केले, त्या पिढीतल्या कमलाबाई एक होत.

वर्ष संपले. रामन यांनी काम पाहिले, समाधान व्यक्त केले आणि कमलाबाईंना नियमित प्रवेश दिला. १९३६ साली त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

केंब्रिज

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ साली नोबेल मिळवलेले. बंगळूरला दार ठोठावावे लागले होते, इथे ते उघडेच होते. मात्र केंब्रिजचे फार गोडवे गाऊ नयेत. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्वाची पदवी दिली ती १९४८ साली, म्हणजे कमलाबाई परत आल्यानंतर नऊ वर्षांनी.

आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. हिल वनस्पतींवर संशोधन करीत. सजीव पेशी अन्नाचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवते. या प्रक्रियेत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात, आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात तसे. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन. प्राण्यांच्या पेशींत त्याचे कार्य ठाऊक झाले होते. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आढळले. हिल आणि भागवत या जोडनावाने वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरावरील टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. बटाटा आणि बटाटा खाणारा माणूस श्वसनाच्या बाबतीत एकाच कुळातले आहेत, असा त्याचा साध्या भाषेतला अर्थ.

सुमारे चौदा महिन्यांच्या कामावर, अवघ्या चाळीसेक टंकलिखित पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डी.एस्सी. दिली होती, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. ‘पहिली कोण’ या स्पर्धेपेक्षा, त्या काळी अशा किती थोड्या जणी होत्या, हे महत्त्वाचे.

परतल्यानंतर

परदेशात संधी असूनही त्या १९३९ सालीच मायदेशी आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली विवाह झाल्यावर मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. ताडाच्या नीरेतील पोषकद्रव्यांवर त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून काम केले, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

त्यांचे आणखी एक काम आपल्या स्वयंपाकघराशी निगडित आहे. कच्च्या कडधान्यांत काही प्रथिने अशी असतात, की ती आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराला चिकटून त्याचे काम बंद पाडतात. त्यांना ट्रिप्सिनरोधक म्हणतात. १९५० च्या दशकात कमलाबाईंनी विद्यार्थ्यांसह भारतीय खाद्यपदार्थांतील हे रोधक शोधले. वालातील रोधक तर त्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. शिजवताना उष्णतेने या प्रथिनांची घडी मोडते आणि बहुतेक रोधक निकामी होतात. कडधान्य नीट शिजवून खावे, असे घरोघरी सांगतात त्यामागचे एक कारण हे आहे.

उष्णतेने प्रथिनाचे काम कसे थांबते, हे वर्गात दाखवता येईल. एक बटाटा कच्चाच चिरून ठेवावा. दुसरा पूर्ण उकडून, गार करून चिरावा. अर्ध्या-एक तासाने पाहावे. कच्च्या फोडी तपकिरी पडतील, उकडलेल्या पडणार नाहीत. रंग बदलतो तो फिनॉलेज जातीच्या विकरामुळे. हे सायटोक्रोमपेक्षा वेगळे विकर आहे. उकडल्यावर ते निकामी होते. याच जातीच्या, पण प्राण्यांतील विकरांवर कमलाबाईंनी केंब्रिजला रिश्टर यांच्याबरोबर काम केले होते. प्रयोगाला खर्च दोन बटाट्यांचा.

व्हरांड्यातला प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कमलाबाईंची गोष्ट सांगून त्या मुलीला ‘तूही जिद्द धर’ एवढेच म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. जिद्द कमलाबाईंकडे होतीच. त्याखेरीज त्यांच्या पाठीशी दोन रसायनशास्त्रज्ञ उभे होते. बंगळूरची संस्था म्हणजे काय, अर्ज कोठे करायचा, नकार आला तर कोणाशी बोलायचे, हे त्या घराला माहीत होते. शिरपूरजवळच्या किंवा पारोळ्याजवळच्या खेड्यातील मुलीच्या घरी हे कोण सांगणार?

शिवाय एका दाराने सगळी वाट मोकळी होत नाही. रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० साली आलेल्या अ‍ॅना मणी यांनी हिरे आणि माणकांवर उत्तम संशोधन केले, प्रबंध लिहिला. पण एम.एस्सी. नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्या पुढे पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि देशातील हवामानमापनाची उपकरणे त्यांनी उभी केली. पदवी मात्र कधीच मिळाली नाही. दार उघडले, तरी उंबरठा राहिलाच होता.

म्हणून आम्हाला वाटते, की व्हरांड्यातल्या प्रश्नाचे उत्तर मुलीला द्यायचे नसून तिच्या घरी जाऊन द्यायचे आहे. भागवतांच्या घरात जे काम वडिलांनी आणि काकांनी केले, ते खान्देशातल्या खेड्यात शिक्षकालाच करावे लागेल. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे यांची माहिती काढून देणे, आईवडिलांना एकदा मुलीबरोबर ते शहर आणि ते वसतिगृह पाहून या असे सांगणे, तिथे शिकत असलेल्या गावातल्याच एखाद्या थोरल्या मुलीशी त्यांची गाठ घालून देणे. यात मोठे असे काही नाही. पण आमच्या स्वतःच्या वाटेवर मागे वळून पाहताना एक दिसते. आम्ही पहिल्यांदा मुंबईच्या गाडीत बसलो, त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचे गुरुजी घरी येऊन वडिलांशी तासभर बोलत बसले होते. काय बोलले ते आम्हाला आजही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी वडील आम्हाला स्टेशनवर पोचवायला आले, एवढेच आठवते.

कमला सोहोनी यांचे १९९८ साली निधन झाले. त्यांना एका वर्षात स्वतःला सिद्ध करून दाखवावे लागले. पुढच्या वेळी व्हरांड्यात असा प्रश्न आला, तर शिक्षकांनी मुलीचे नाव वहीत टिपून घ्यावे आणि त्याच आठवड्यात तिच्या घरी एक फेरी मारावी.