गळ, तळे आणि खडस मासा

तळ्याकाठी गळ टाकून तासन्‌तास बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. आपण म्हणतो, "काय हा रिकामटेकडेपणा!" पण वाचकहो, या शौकाने एका माशाचा वंश राखायला हातभार लावला आणि दुसऱ्या एकाचा वंश धोक्यात आणला. ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

खळखळत्या नद्यांत राहणारा, मोठमोठ्या खवल्यांचा हा मासा. इंग्रज शिकारी त्याला महसीर म्हणत. आपल्याकडे तो खडस किंवा खडशी. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि लोकांच्या तोंडचे नाव उचलून त्याला 'खुद्री' म्हटले. पण आपल्या लोकांनी त्याला शास्त्रावाचूनही जपले होते. देहूला इंद्रायणीच्या डोहातले, महाडकडे सावित्रीच्या वाळणकोंडातले मासे देवाचे मानले जात. त्यांना कोणी हात लावीत नसे.

पुढे घाटमाथ्यावर विजेसाठी टाटांची धरणे उभी राहिली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. वीज आली हे चांगलेच. पण धरण म्हणजे माशाच्या वाटेत घातलेली भिंत, बरं का! खडस पावसाळ्यात धारेवर उलटा चढून जातो आणि वाळू-गोट्यांच्या उथळ जागी अंडी घालतो. ती वाट अडली म्हणजे मासा तळ्यात जगतो, पण त्याचा वंश वाढायचा कसा? त्यात सुरुंग लावून, पाण्यात विष कालवून मासे मारणारेही निघाले.

मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला यावर उपाय शोधला. पिकलेल्या मादीचे पोट अलगद दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या थाळ्यांत पसरून ठेवायची. ही अंडी सोनेरी पिवळी आणि जड. ती तळाशी बसतात. तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी पुढे असेही दाखवून दिले की, ही अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूरवर धाडता येतात. मग लोणावळ्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, परप्रांतांतल्या पाण्यात जाऊ लागली.

इथवरची गोष्ट अभिमानाची. पुढची मात्र विचार करायला लावणारी.

कावेरीत पन्नास किलोहून अधिक वाढणारा, पाठीला कुबड असलेला महसीर होता. तो जगात फक्त त्याच खोऱ्यातला. गळाच्या शौकिनांना वाटले, नदीत मासा कमी झाला, तर आपली बोटुकली सोडू. हेतू चांगला होता. पण १९९८ ते २०१२ या काळातल्या गळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की आपला निळसर परांचा पाहुणा वाढत चालला आणि घरधनी कुबड्या नाहीसा होत चालला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी या कुबड्या महसीराचे शास्त्रीय नाव निश्चित केले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. शेकडो वर्षे नदीत नांदलेल्या माशाला नाव मिळाले, ते तो जाऊ लागल्यावर! वाळू-उपसा, धरणे ही कारणेही आहेतच. पण परक्या बीजाचा भार त्यात पडला.

आपल्या गावच्या तळ्यात, शहरच्या बागेतल्या तलावात उद्या कोणी म्हणेल, "चार डबे बीज सोडू या, पोरांना गळ टाकायला मिळेल." जरूर सोडा, पण आधी विचारा, या पाण्यात पूर्वीपासून कोण राहते? तळ्याचे पाणी ओसंडून ओढ्याला मिळते का? मिळत असेल, तर सोडलेला मासा तळ्यात थांबणार नाही. तो नदीचा होईल.

गुरुजींना एक विनंती. गावातल्या वडीलधाऱ्या भोयाला एक दिवस शाळेत बोलवा. त्याने लहानपणी पाहिलेल्या माशांची नावे मुलांकडून वहीत लिहून घ्या. त्यांतले कोणते आज दिसतात, कोणते नाही, तेही लिहा. बीज सोडण्याआधी ती वही उघडून पाहावी, एवढेच मागणे.